कापसाचा बोळा

नागपुरात मे महिना आवडणारी
मी एकटीच असेन.
शेहेचाळीस अंश, डांबर चपलेला सोडत नाही,
आणि सगळ्याच बाया डोळे तेवढे उघडे ठेवून
ओढणीने तोंड बांधतात.
मेडिकलच्या त्या खिडकीसमोर
मग मीही त्यांच्यातलीच एक,
उन्हाला भ्यालेली.

खिडकीतून बाटली मिळते. तीस गोळ्या.
हलली की वाजते.
ऑटोत, जिन्यावर, सासूच्या खोलीपुढून जाताना.
म्हणून झाकण काढून आधी
कापसाचा बोळा कोंबते,
मग पर्समध्ये टाकते,
मग रामदासपेठेत दुसऱ्या पाळीला जाते.

काम सोपं आहे.
विमा कक्ष, टेबल नंबर दोन.
कार्ड घ्यायचं, झेरॉक्स काढायची,
रकाने भरायचे,
"थांबा" म्हणायचं.

पुष्पलता निमजे, वय त्रेचाळीस, तांडापेठ.
इतवारीतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावते.
पित्ताशयात खडे, दोन रात्री उलट्या.
सात वर्षांचे हप्ते, एकही चुकलेला नाही,
पावत्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या.
त्या काढताना पिशवीत काहीतरी वाजलं.

खुळ्ळ.

टेबल नंबर तीनला ऐकू आलं नाही.
मी मान वर केली नाही.

तिने स्वतःच सांगितलं.
"लिहा जी. डॉक्टरले मालूम पाह्यजे."
मी लिहिलं.
तासाभरात फाईलवर लाल स्टिकर.
मग उद्याच्या यादीत नाव सगळ्यात खाली,
मग वेगळ्या किटचे नऊ हजार,
मग यादीत नावच नाही.
सर जाता जाता म्हणाले,
"मेडिकलला पाठवा ना, त्यांना सवय असते."

आठ चाळीसला कंपनीचा मेल आला.
दावा अमान्य. पूर्वीपासूनचा आजार.
खड्यांचा आणि त्याचा काय संबंध
हे विचारायची सोय नव्हती,
खाली लिहिलं होतं,
कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.
मी तिला ते मराठीत करून सांगितलं,
अगदी हळू,
जणू हळू सांगितलं की रक्कम कमी होते.

नऊला माझ्या मोबाइलचा गजर झाला.
तिच्याही.

"मुलाच्या क्लासचा," मी म्हणाले.
रात्री नऊला.
तिने तिची गोळी घेतली, सगळ्यांसमोर,
आणि पाण्याची बाटली
माझ्याकडे सरकवली.
मी म्हटलं, मला तहान नाही.

जूनच्या सात तारखेला ती खिडकीपाशी होती.
तोंड उघडं. घाम पुसत.
माझी ओढणी डोळ्यांपर्यंत,
तरी बाकावर सरकून तिने जागा केली.
ऑपरेशन मेडिकललाच झालं, म्हणाली,
दुर्बीण बंद होती, चिरूनच काढलं,
तेरा टाके, दोन खडे डबीत आहेत, पाहता का?
आणि मग,
"मॅडम, त्या दिवशी त्यांचं म्हणणं
माह्या भाषेत करून सांगितलं तुम्ही.
आता उलटं करून द्या ना.
माह्यं म्हणणं, त्यांच्या भाषेत.
आवाज मोठा ठेवजा पण."

माझा नंबर आला. बाटली घेतली.
सवयीने पर्समधून कापूस काढला.
ती बघत होती.
"हा टाक्यावर लावतात," एवढंच म्हणाली.

मी तो कोंबलाच.

पण अर्ज लिहिला.
ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत,
डबा न उघडता.
सात वर्षांच्या पावत्या जोडल्या,
खडे आणि रक्त वेगवेगळ्या ओळींत ठेवले,
"कळावे" खोडून "उत्तर द्यावे" केलं.
अर्जदार, पुष्पलता निमजे.
त्याखाली एक रकाना असतो,
अर्ज भरून देणाऱ्याचे नाव व रुग्णाशी नाते.
तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

टेबल नंबर तीन जेवून आली.
डबे धुतल्याचा आवाज.
कर्सर
नात्यापाशी उघडझाप करतोय.